‘नाही’ लिहिण्यापूर्वी

(तालुक्याच्या गावी झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात एका निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञाने केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती वगळली आहे.)



शिबिराच्या संयोजकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना म्हणालो, की मी वक्ता नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. आरोग्याच्या प्रश्नावर बोलायला पुष्कळ जाणकार मंडळी आहेत, त्यांना बोलवा. त्यावर ते म्हणाले, “जाणकारांना आम्ही ऐकले आहे. तुम्ही खोलीत बसून काय केलेत ते सांगा.” म्हणून आज मी तेवढेच सांगणार आहे. त्यातून काही राजकीय अर्थ निघत असेल तर तो आपण सर्वांनी मिळून काढावा.

मी १९८६ साली एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो आणि २०२२ साली नियत वयोमानानुसार निवृत्त झालो. छत्तीस वर्षांपैकी सव्वीस वर्षे एकाच गावात गेली. गावात मला नावाने ओळखणारे थोडे. बाकीच्यांना मी ‘रक्तवाले’. डॉक्टर बरे करतात, परिचारिका सेवा करते आणि रक्तवाला फक्त टोचतो, अशी एकंदर समजूत. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. लोकांना जे दिसते ते लोक बोलतात. आणि आमचे खरे काम बंद दाराआड, एका डोळ्याने होत असे.

एका डोळ्याने हे मी अलंकाराने म्हणत नाही. मी रुजू झालो तेव्हा आमच्याकडे एकनळी सूक्ष्मदर्शक होता. त्याच्या तळाशी आरसा असे. वीज गेली की टेबल खिडकीकडे ओढायचे आणि आरसा उन्हाकडे वळवायचा. आभाळ भरून आले की काम थांबायचे. हाताने फिरवायचे सेंट्रिफ्यूज, स्पिरिटचा दिवा, चिनी मातीचे पांढरे बेसिन, रंगाच्या चार बाटल्या आणि जिन्याखालची दहा फूट रुंदीची खोली, एवढी आमची प्रयोगशाळा.

रक्तातील हिमोग्लोबिन मोजण्याची आमची रीत साहली या संशोधकाच्या नावाने ओळखली जाई. अरुंद नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, त्यात बोटातून काढलेले वीस घन मिलिमीटर रक्त सोडायचे आणि दहा मिनिटे थांबायचे. रक्त तपकिरी होते. मग थेंब थेंब पाणी घालीत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. रक्त चांगले असेल तर पुष्कळ पाणी घालावे लागते. गरिबाचे रक्त चार थेंबांतच काचेच्या रंगाला येते. गरोदर बाईच्या रक्तात निदान अकरा ग्रॅम हिमोग्लोबिन असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या बाकावर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाण्यापूर्वी येणाऱ्या बायकांमध्ये सहा आणि साडेसहा हे आकडे नवलाचे नव्हते. त्या बाया सहा ग्रॅम रक्तावर मोळ्या उचलीत. देशात रक्तक्षय टाळण्यासाठी लोहाच्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. त्याला पन्नास वर्षे होत आली असताना झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत त्या ५३ होत्या. गोळी वाईट नव्हे. परंतु डाळ, भाजी आणि विश्रांती यांची जागा गोळी घेऊ शकत नाही, हे आमच्या नळीला पूर्वीच ठाऊक होते.

लघवीतील साखर पाहायची तर बेनेडिक्टच्या निळ्या द्रावात आठ थेंब लघवी टाकून उकळायची. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल, अशी चढण असे. हे सगळे मी तपशिलाने सांगतो आहे, त्याला कारण आहे. यांतील प्रत्येक कामाला वेळ लागत असे आणि तो वेळ कमी करता येत नसे. दहा मिनिटे थांबायचे म्हणजे दहा मिनिटे थांबायचे. रांग लांब आहे म्हणून आम्ल लवकर काम करीत नाही. आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा हाच आहे. तपासणी म्हणजे मुख्यतः वेळ. आणि कोणाच्या वाट्याला किती वेळ यायचा, हे समाजरचना ठरवते.

साथींनो, आता मी आमच्या धंद्यातला एक नियम सांगतो. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी जेवढा गोल दिसतो त्याला आम्ही ‘फील्ड’ म्हणतो. इथे आपण त्याला क्षेत्र म्हणू. क्षयाच्या संशयिताची थुंकी काचेवर पसरून वाळवायची, कार्बोल फुक्सिन या लाल रंगात ती वाफ येईपर्यंत तापवायची, आम्लाने धुवायची आणि मग निळा रंग द्यायचा. क्षयाचे जंतू आम्लाला दाद देत नाहीत. ते लालच राहतात. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या. या काड्या दर क्षेत्रात दहाहून अधिक दिसत असतील तर वीस क्षेत्रे पाहून निकाल लिहिता येतो. दर क्षेत्रात एक ते दहा असतील तर पन्नास पाहायची. परंतु जंतू नाहीत असे लिहायचे असेल, तर पूर्ण शंभर क्षेत्रे पाहिल्याखेरीज लिहायचे नाही. हिवतापाच्या रक्ताच्या जाड थेंबालाही शंभराचाच दंडक.

‘आहे’ हा निकाल काही मिनिटांत मिळतो. ‘नाही’ हा सर्वांत जास्त कष्टाचा. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी शिकलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही एवढीच आहे. आणि ती मी पुस्तकातून शिकलो नाही. स्वतःच्या चुकीतून शिकलो.

२००३ सालचा मार्च महिना होता. वर्षअखेर. सुधारित क्षयरोग कार्यक्रमात संशयितांची तपासणी वाढवा, असा वरून तगादा होता आणि तो तगादा मुळात योग्यच होता. एका माणसाने दिवसाला वीस ते पंचवीसच्या वर काचा पाहू नयेत, असे त्याच कार्यक्रमाचे सांगणे होते. कारण त्यापुढे डोळा थकतो. थकलेला डोळा पाहतो, पण त्याला दिसत नाही. त्या दिवशी माझ्यापुढे चोपन्न काचा होत्या. एका काचेला सहा मिनिटे धरली तरी ३२४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ साडेपाच तास नुसते पाहण्याचे. त्याशिवाय काचा रंगवणे, बाह्यरुग्ण विभागाचे रक्त, गरोदर बायांची तपासणी आणि नोंदवह्या. आमच्याकडे तंत्रज्ञांची दोन पदे मंजूर होती. त्यांपैकी एक सहा वर्षे रिक्त होते.

त्या चोपन्नांत वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका बाईच्या तीन काचा होत्या. मी त्या पाहिल्या. पण किती पाहिल्या? वीस क्षेत्रे, फार तर तीस. काही दिसले नाही. मी नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘निगेटिव्ह’ असे लिहिले आणि पुढची काच उचलली. असे मी त्या दिवशी एकट्या तिच्याच बाबतीत केले असेही नाही.

जूनमध्ये पाऊस लागला, भट्ट्या बंद झाल्या आणि ती बाई परत आली. या वेळी तिच्या काचेत पहिल्याच क्षेत्रात लाल काड्यांचा खच होता. तिचे नाव मला ओळखीचे वाटले. मी मार्चची नोंद काढली. फेरतपासणीसाठी जुन्या काचा पेटीत जपून ठेवण्याचा नियम होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिच्या तिन्ही काचा काढल्या आणि एक एक क्षेत्र मोजत पाहू लागलो. दुसऱ्या काचेवर चौसष्टाव्या क्षेत्रात मला एक जंतू दिसला. एक्याऐंशीव्या क्षेत्रात आणखी दोन.

मी दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांना सांगितले. ते चांगले गृहस्थ होते. ते म्हणाले, “झाले ते झाले. आता औषध सुरू करा. कागदावर काही आणू नका.” औषध सुरू झाले. कागदावरही मी काही आणले नाही, ही माझी दुसरी चूक. परंतु मला झोप लागेना, तेव्हा मी आरोग्य सेवकाबरोबर त्या बाईच्या झोपडीवर गेलो आणि मार्चमध्ये माझ्याकडून नीट तपासणी झाली नव्हती हे तिला सांगितले. ती रागावेल अशी माझी समजूत होती. ती मला म्हणाली, “तुमच्या कागदावर नाही म्हणून लिवलं हुतं, म्हनून मी भट्टीवर जात राहिले. नाय तर लेकरांना घेऊन माहेरी गेले असते की.”

त्या तीन महिन्यांत तिच्या तीन वर्षांच्या मुलीला मेंदूच्या आवरणाचा क्षय झाला होता. ती मुलगी वाचली नाही. तिला तो आईकडूनच झाला, असे मी सिद्ध करू शकत नाही. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाने सिद्ध न होणारे विधान करू नये. पण मार्चमध्ये मी आणखी सत्तर क्षेत्रे पाहिली असती तर त्या आईला मार्चमध्येच औषध मिळाले असते, एवढे मात्र सिद्ध आहे. आई पुढे बरी झाली. तिच्या शेवटच्या तपासणीच्या काचा मी स्वतः पाहिल्या. प्रत्येकी शंभर क्षेत्रे मोजून पाहिल्या. तो ‘नाही’ मी खऱ्या अर्थाने लिहिला.

ही हकिकत मी प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे. ती सांगण्यात माझा हेतू पश्चात्तापाचे प्रदर्शन करण्याचा नाही. आपल्या चळवळीत एक सवय आहे, की दोष नेहमी व्यवस्थेचा. आणि शासनकर्त्यांची सवय अशी, की दोष नेहमी खालच्या कर्मचाऱ्याचा. मला या दोन्ही सवयी सोयीच्या वाटतात. तीस क्षेत्रे पाहून निकाल लिहिणारा हात माझा होता. तो दोष मी रिक्त पदावर ढकलू शकत नाही, कारण ‘आज चोपन्न होणार नाहीत, पंचवीसच होतील’ असे सांगण्याचे धाडस मला करता आले असते. ते मी केले नाही. उद्दिष्ट अपुरे राहिल्याचा शेरा मला नको होता. पण त्याच वेळी हेही खरे आहे, की एक पद सहा वर्षे रिकामे ठेवून ज्यांनी वेतनाची बचत केली, त्यांनी त्या बचतीची किंमत कधी मोजली नाही. ती एका वीटभट्टीवरच्या झोपडीत मोजली गेली. रिक्त पद ही आस्थापना शाखेतली बाब आहे असे आपल्याला वाटते. वास्तविक ती गरिबाच्या वाट्याच्या वेळातून केलेली चोरी आहे.

घाईने लिहिलेला ‘नाही’ केवळ माझ्यासारख्या एका माणसाच्या हातून होतो असे नव्हे. सबंध देशाच्या हातूनही तो होतो. हिवतापाचा इतिहास पाहा. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली आपण हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि १९५८ साली त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात केले. काम मोठे झाले, यात शंका नाही. १९६५ साली देशात हिवतापाचे रुग्ण लाखभरावर उतरले आणि त्या वर्षी मृत्यूची नोंद झाली नाही. हिवताप गेला असे सर्वांना वाटू लागले. मग फवारणीचा पुरवठा सैलावला, डास डी.डी.टी.ला सरावले, घरोघरची देखरेख ढिली पडली आणि रक्ताच्या काचा न तपासता साठू लागल्या. १९७६ साली रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. अकरा वर्षांत लाखाचे चौसष्ट लाख. मी नोकरीत आलो तेव्हा जुने सहकारी या काळाच्या गोष्टी सांगत. पोत्यांत बांधून आलेल्या काचा महिना महिना पडून राहत. निकाल लागेपर्यंत रुग्ण एकतर बरा झालेला असे, नाहीतर गाव सोडून गेलेला असे. देशाने शंभर क्षेत्रे पाहण्यापूर्वीच ‘नाही’ लिहिले होते.

आणखी जवळचे उदाहरण देतो. मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा १९९३ साली वृत्तपत्रांतून सुरू झाली. त्यापूर्वी तिथे मुले मरत नव्हती काय? मरत होती, नोंदली जात नव्हती. २००१ साली राज्यातील काही स्वयंसेवी संस्थांनी आणि डॉ. अभय बंग यांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल पुढे आणला. या मंडळींनी गावोगाव जाऊन जन्म आणि मृत्यू प्रत्यक्ष मोजले, आणि सरकारी नोंदीत दिसणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत हे दाखवून दिले. त्यांनी केले ते काम मुळात प्रयोगशाळेतल्या कामासारखेच होते. एक एक क्षेत्र पाहणे. २०२० च्या साथीत तर हे गणित शाळकरी मुलालाही कळले, की चाचण्या कमी केल्या म्हणजे रुग्ण कमी दिसतात.

आणि ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही त्याचे काय? आमच्या प्रयोगशाळेत थुंकीचे डबे उचलणारा, ते औषधात बुडवून जाळणारा एक सफाई कामगार होता. माझ्या आधीपासून तो तिथे होता. काच किती पातळ पसरायची हे मला पदविकेच्या वर्गात शिकवले गेले होते. पण ते हाताला साधले त्याच्यामुळे. अनेक वर्षे त्याने हातमोज्यांशिवाय काम केले, कारण हातमोजे मोजून येत आणि ते ‘तांत्रिक कर्मचाऱ्यांसाठी’ असत. साऱ्या गावाची थुंकी आम्ही तपासली, पण त्याची कधी तपासावी असे आम्हांपैकी कोणाला सुचले नाही. तो दोन महिने खोकत होता तेव्हा आम्ही त्याला विडी सोड असा उपदेश करीत होतो. शेवटी एक दिवस त्यानेच स्वतःचा डबा भरून माझ्या टेबलावर ठेवला. तपासणीत जंतू निघाले. सुदैवाने तो बरा झाला. त्याची जात कोणती, हे मी या सभेत सांगण्याची गरज नाही; आपण ती ओळखली आहे आणि आपण ती ओळखू शकतो हेच दुःखाचे आहे.

आता आजच्या स्थितीकडे येतो. मी जुन्या काळाचा गुणगौरव करायला उभा नाही. साहलीच्या नळीवर आकडा नजरेने ठरत असे आणि दोन माणसांच्या नजरेत एक ग्रॅमचा फरक सहज पडे. आज यंत्र थेंबभर रक्तातून मिनिटभरात पंधरा-वीस आकडे देते. क्षयासाठी तर मोठीच क्रांती झाली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये ते पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. जंतूचा जनुकीय अंश ओळखणाऱ्या नव्या यंत्रांना त्याहून कितीतरी थोडे पुरतात आणि औषधाला दाद न देणारा क्षयही ती ओळखतात. यांपैकी ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. जिन्याखालच्या खोलीत बसलेल्या माणसाला याचा अभिमान वाटतो. सरकारी रुग्णालयांतून तपासण्या मोफत करण्याचे धोरण केंद्राने २०१५ साली आखले, तेही स्वागतार्ह आहे. थायरॉईडची तपासणी पूर्वी आमच्या गावच्या माणसाला जिल्ह्याला जाऊन पदरचे पैसे मोजून करावी लागे. ती आता गावात होऊ शकते.

परंतु यंत्र आले म्हणजे वेळ आला असे होत नाही. यंत्रात घालायची चकती संपली की यंत्र हा एक महागडा डबा असतो. अनेक ठिकाणी तपासणीचे काम आता बाहेरच्या यंत्रणांकडे सोपवलेले आहे. नमुने गोळा होतात, गाडीने दूर जातात आणि निकाल दूरध्वनीवर येतो. ही सोय आहे. पण मोबदला नमुन्यांच्या संख्येवर ठरला, की ज्या तपासणीला कमी वेळ लागतो तीच अधिक होते. आणि शंभर क्षेत्रे पाहणारा माणूस हिशेबात तोट्याचा ठरतो. ज्याने काच पाहिली त्याने रुग्णाचा चेहरा पाहिलेला नसतो. ज्याने चेहरा पाहिला त्याला निकालाबद्दल विचारण्याचा अधिकार नसतो. मार्चची बाई जूनमध्ये परत आली तेव्हा मला तिचे नाव ओळखीचे वाटले, कारण दोन्ही वेळा तोच मी तिथे होतो. आज ती आली तर तिला कोण ओळखील?

खाजगी क्षेत्राबद्दल थोडेच बोलतो. प्रामाणिकपणे काम करणारे पुष्कळ तंत्रज्ञ तिथे आहेत. पण तपासणीच्या रकमेतून चिठ्ठी पाठवणाऱ्याला वाटा देण्याची पद्धत आपल्या सर्वांना माहीत आहे. तिला ‘कट’ म्हणतात. वाटा गेल्यावर जे उरते त्यात तपासणी भागत नाही. तेव्हा काय होते? आमच्या धंद्यात ‘सिंक टेस्ट’ असा एक शब्द आहे. नमुना बेसिनमध्ये ओतायचा आणि निकाल मनाने लिहायचा, हा त्याचा अर्थ. असे करणाऱ्याला मी पूर्वी तुच्छतेने हसत असे. २००३ नंतर हसलो नाही. तीस क्षेत्रे पाहून लिहिलेला ‘नाही’ आणि बेसिनमध्ये ओतून लिहिलेला ‘नाही’ यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक असेल; त्या बाईच्या दृष्टीने तो काय होता?

माझ्या जागी आज जी तरुण मुले-मुली येतात, त्यांतली कितीतरी कंत्राटी आहेत. दर अकरा महिन्यांनी त्यांची नेमणूक नवी होते. कायम असलेल्यांतही १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना मला मिळते तसे निवृत्तिवेतन लागू राहिले नाही. त्यासाठी राज्यातील कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये संप केला. त्या संपावर पुष्कळ टीका झाली. मला टीकाकारांना एवढेच विचारायचे आहे: ज्याची नोकरी अकरा महिन्यांची आहे, तो वरिष्ठांना ‘आज पंचवीसच काचा होतील’ असे सांगू शकेल काय? माझी नोकरी कायम होती तरी मला ते जमले नाही. नोकरीची शाश्वती ही कर्मचाऱ्याची चैन आहे असे सांगितले जाते. प्रयोगशाळेत ती खरे बोलण्याची पूर्वअट आहे. म्हणून कर्मचाऱ्यांचा प्रश्न आणि रुग्णांचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे मानून आपण आंदोलने करतो, ते चूक आहे. कर्मचारी संघटनांनीही आपल्या मागण्यांत महागाई भत्त्याच्या शेजारी ‘एका माणसाला दिवसाला किती काचा’ ही मागणी लिहिली पाहिजे. आम्ही ती माझ्या काळात कधी लिहिली नाही, हेही मला कबूल केले पाहिजे.

पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला वंचित राहू नये, असे भोर समितीने १९४६ साली म्हटले. सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०२५ सालापर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवले. क्षयाचे निर्मूलनही २०२५ पर्यंत करायचे असे २०१८ साली जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली भारतात क्षयाचे सुमारे २८ लाख नवे रुग्ण होते. जगातल्या दर चार रुग्णांमागे एकाहून अधिक आपला होता. ध्येयवाक्ये आपल्याकडे उणी नाहीत. ती खरी झाली की नाही हे मोजणारी माणसे उणी आहेत.

आता आपण काय करायचे? मोठा कार्यक्रम सांगण्याचा माझा अधिकार नाही. एक लहान काम सांगतो. आपण इथून परत गेल्यावर आपापल्या गावच्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जा. घोषणा देत जाऊ नका. नमस्कार करून जा, कारण आत बसलेला माणूस बहुधा एकटा असेल. त्याला चार प्रश्न विचारा. मंजूर पदे किती आणि भरलेली किती? काल किती नमुने तपासले? कोणते रसायन किंवा कोणती चकती किती दिवसांपासून संपली आहे? आणि काच पाहायला तुम्हाला पुरेसा वेळ मिळतो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तो लगेच देणार नाही. दुसऱ्यांदा जा. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी हवी असतील तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहे. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवा, रुग्ण कल्याण समितीत मांडा, या साप्ताहिकाकडे पाठवा. शंभर तालुक्यांतून अशी माहिती आली तर कोणत्याही मंत्र्याला ‘सर्व काही ठीक आहे’ असे उत्तर विधानसभेत देता येणार नाही.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःबद्दल. आपल्या शाखांचे अहवाल मीही वाचतो. ‘आमच्या भागात वेठबिगारी नाही’, ‘आमच्या गावात अस्पृश्यता उरलेली नाही’, ‘शाळाबाह्य मुले नाहीत’ अशी वाक्ये त्यांत असतात. लिहिणारा कार्यकर्ता प्रामाणिक असतो, मीही प्रामाणिकच होतो. पण त्याने किती क्षेत्रे पाहिली? तो भट्टीवर गेला होता काय? वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला होता काय? चौसष्टाव्या क्षेत्रापर्यंत जाण्याआधी त्याला परतीची एस. टी. पकडावी लागली काय? ‘आहे’ असे लिहायला धैर्य लागते हे आपण नेहमी म्हणतो. ‘नाही’ असे लिहायला त्याहून जास्त पायपीट लागते, हे मी माझ्या धंद्यावरून सांगतो.

निवृत्तीच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या मुलीला मी किल्ल्या, नोंदवह्या आणि रंगाच्या बाटल्यांची यादी दिली. कार्यभार सोपवण्याचा जो छापील नमुना असतो त्यात सल्ल्यासाठी रकाना नसतो. म्हणून मी तिला तोंडी सांगितले, “शंभर मोज. रांग ओरडली तरी शंभर मोज. आणि मोजायला वेळ नसेल, तर ‘नाही’ लिहू नकोस. ‘पाहणे झाले नाही’ असे लिही.” ती तसे लिहू शकेल, आणि तसे लिहिल्यावर तिची नोकरी टिकेल, एवढी व्यवस्था करणे हे तुमचे-माझे काम आहे.